बादलीच्या तळाशी राहिलेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे. कडी तुटलेली, काठ कुणी चावल्यासारखा. साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्याच बहिणींची उतरंड लागली होती. त्यातली मी कितवी, हे आम्हाला जन्म देणाऱ्या यंत्रालाही ठाऊक नसेल.

एका आईने मला घरी आणलं. ती फरशी पुसायची आणि फडकं पिळताना माझ्यात वाकून गुणगुणायची. चाल रोज तीच, आणि रोज अर्ध्यावर तुटायची, कारण नेमकं तिथे फडकं पिळून व्हायचं. एकदा ती पाहुण्यांना म्हणाली, "बादली टिकाऊ निघाली हो!" बादल्यांच्या जगात याहून मोठा पुरस्कार नाही.

पुढे आई अंथरुणाला खिळली. तिची झोप उडाली. रात्री ती लेकीला हलवून सांगायची, "वरून कोणीतरी चाललंय गं. शीळ घालत."

"भास होतोय तुला. झोप बघू," लेक म्हणायची.

आई गेली. मी गच्चीच्या कोपऱ्यात पडले. माझ्यात पाणी साचलं, डासांनी संसार थाटले. मी कुणालाच नाही म्हटलं नाही.

मग एक दिवस लेकीने कुठेतरी वाचलं, की काही पक्षी दूरच्या प्रवासाला रात्रीच निघतात आणि अंधारात एकमेकांना हाका मारत जातात. आई खरंच काही ऐकत होती का, हे तिला आता कळायलाच हवं होतं. तिने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामाला बोलावलं.

"माइक साधा चालेल," मामा म्हणाला, "पण त्याने आभाळाचंच ऐकलं पाहिजे, घराचं नाही. उंच काठाच्या भांड्यात ठेवू."

कुंडी पाहिली, माइकवर माती पडली. पातेलं पाहिलं, दवाचा थेंब पडला तरी देवळातली घंटा वाजायची. शेवटी मामाने मला टिचकी मारली. "ही घे. हिच्यात काही घुमत नाही. अगदी मठ्ठ आहे."

मठ्ठपणावर निवड झालेली मी पहिलीच असेन. माझ्या तळाशी स्पंज, त्यावर माइक, आणि दव लागू नये म्हणून तोंडावर ताणलेलं पातळ प्लास्टिक. मी इतकी सजून कधीच बसले नव्हते.

सकाळी दोघांनी रात्रभराचं रेकॉर्डिंग ऐकलं. बारीक, लांबलेली शीळ. मग दुसरी, जरा पुढून.

"मामा! ऐकलंस?"

"ऐकलं की. पण शिळेच्या खाली हे काय गुणगुणतंय? शेजारचा पंप असेल."

"त्यांचा पंप केव्हाच जळालाय."

दुसऱ्या रात्री नवी लाल बादली ठेवली. पक्षी आले, गुणगुण नाही. तिसऱ्या रात्री पुन्हा मी. पक्षी, आणि खाली गुणगुण. त्या दिवसापासून मामा मला 'अहो' म्हणू लागला.

मी शपथेवर सांगते, मित्रांनो, मी गात नाही.

"खालचा आवाज कॉम्प्युटरवर गाळून टाकतो," मामा म्हणाला.

"नको. पक्षी गाळ."

मामाने पक्षी गाळले. उरली ती एक चाल. फडकं पिळून व्हायचं तिथे तुटणारी.

लेक गच्चीवर आली. प्लास्टिक काढून तिने माझ्यात डोकं घातलं. "भास नव्हता गं, आई," ती म्हणाली. मग तिने राहिलेली अर्धी चाल गुणगुणून पूर्ण केली. शेवटाकडे एक सूर चुकला, पण बादलीला विचारतो कोण!

त्या रात्री पक्षी आले. खाली गुणगुण आली. नेहमीच्या जागी पोहोचली, पण थांबली नाही. थेट शेवटापर्यंत गेली, आणि लेकीचा सूर जिथे चुकला होता, तिथेच चुकली.

तेव्हापासून माझ्यात फक्त पक्षीच ऐकू येतात. मी आता रिकामी आहे, बादलीने असावं तशी. तरी मामा अजून मला ओलांडून जात नाही.

म्हणून मित्रांनो, घरातली जुनी बादली फेकायला काढाल, तेव्हा आधी एकदा तिच्यात डोकं घालून ऐका. लोक हसतील. हसू देत. आणि आत एखादी चाल अर्धी राहिलेली असली, तर बेसूर का होईना, पुरी करा.