वाफेचं पोतं

“मान खाली घेऊ देऊ नका त्याला! वर धरा, कोम्पाद्रे, वर!” ओब्दुलिया ओरडली.

रेनेरियोच्या घोड्याचा, कानेलोचा, घरघरता श्वास गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. जबड्याखाली नारळाएवढी गाठ, नाकपुड्यांतून पिवळा घट्ट शेंबूड आणि डोळे असे विस्फारलेले की बघवत नव्हतं. रेनेरियोला ना बायको ना मूल. बायामो शहराच्या रस्त्यांवर टांगा हाकणाऱ्या या माणसाचं जे काही होतं ते हा घोडा.

ओब्दुलियाही टांगेवालीच. तिच्या लेकीला बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून रेनेरियोनंच हातावर घेतलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोम्पाद्रे-कोमाद्रे म्हणत. महिन्यापूर्वी तिच्या घोडीला हाच घशाचा आजार झाला. तिनं पोत्यात निलगिरीचा पाला भरला, वर कढत पाणी ओतलं आणि ते घोडीच्या तोंडाला बांधून वाफ दिली. गाठ फुटली, घोडी वाचली. मग एके सकाळी कानेलो नुसता शिंकला, तर ही तेच पोतं घेऊन धावली. न धुतलेलं! मायेच्या भरात बाईची अक्कल पार गहाण पडली होती.

गुरांचा डॉक्टर सायकलवरून आला. श्वासनळीला भोक पाडायला त्यानं चाकू काढला, तोच कानेलो गुडघ्यांवर कोसळला. दोनदा त्याची छाती वर आली. तिसऱ्यांदा आली नाही.

“कुठल्या आजारी जनावराशी संबंध आला याचा?” डॉक्टरनं विचारलं.

“माझ्या घोडीचं पोतं मीच बांधलं त्याला,” ओब्दुलिया म्हणाली. “चांगलं व्हावं म्हणून हो!”

रेनेरियो तिच्याकडे वळला. “मी मागितलं नव्हतं पोतं,” तो म्हणाला.

“आजच पुरा याला,” डॉक्टर म्हणाला. “आणि ओढायला धडधाकट जनावर आणू नका, त्यालाही लागण होईल. हा आजार नुकता होऊन गेलेलं असेल तर चालेल.”

तसं जनावर त्या वस्तीत एकच होतं.

ओब्दुलियाला तोंड लपवायला जागा नव्हती. रेनेरियोनं बाहीनं डोळे पुसले.

“जा. आण तिला.”

तिनं घोडी आणली. त्यानं स्वतः कानेलोच्या पायांना दोर बांधला, घोडीला जुंपलं आणि लगाम हातात घेतला. ओब्दुलिया मागून चालत होती, पण तो बोलत होता तो घोडीशीच.

“हळू चल गं बाई,” तो म्हणाला. “खडे लागतील त्याला.”