पुतळाबाईंच्या दारात अडलेला बॉक्स

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. आताचे टीव्ही कॅलेंडरसारखे भिंतीला टांगलेले असतात, तसा नव्हे. मला पाठीला चांगलं मोठं पोक आहे आणि मला हलवायचं तर दोन माणसं लागतात. एका कारखान्यात बायकांनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. वाशीच्या दुकानात मी काही दिवस नुसताच उभा होतो. मग टेम्पोत बसून शिरवणे गावात आलो, तो पुतळाबाईंच्या घरी.

पुतळाबाई मूळच्या इथल्याच. खाडीच्या बाजूला त्यांची भातशेती होती. सरकारनं नवं शहर वसवताना ती घेतली. यजमानांनी जुन्या घराच्या जागी मजले चढवले, वर भाडेकरू ठेवले. ते वारल्यावर खालच्या घरात दोघीच उरल्या, पुतळाबाई आणि त्यांची मुलगी अरुणा.

अरुणाला लहानपणी मोठा ताप आला होता. त्यात तिचं ऐकणं गेलं आणि मग बोलणंही आलं नाही. शाळेत ती हातांची भाषा शिकली आणि घरी येऊन तिनं ती आईला शिकवली. गल्लीत तिसऱ्या कोणाला ती येत नव्हती. लोक अरुणाकडे ब्लाउज शिवायला टाकत, हसत, मान हलवत आणि जात.

माझ्यापुढं पुष्कळ लोक बसले. क्रिकेटच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसे. पण माझ्यावाचून अडावं असं फक्त अरुणाचं होतं. आठवड्यातून एकदा, दुपारी, माझ्या पडद्यावर हातांनी सांगितलेल्या बातम्या लागत. त्या वेळी ती शिलाई मशीन बंद करून अगदी माझ्याजवळ येऊन बसे. बातम्या संपल्या की आईला सांगे, कुठे पूर आला, कुठलं सरकार पडलं. एरवी जगातली प्रत्येक गोष्ट तिला सगळ्यांच्या शेवटी कळे. त्या दिवशी मात्र आईला ती तिच्याकडून कळे.

मग बॉक्सची गोष्ट निघाली. माझ्याच पडद्याखालून एक पट्टी सरकू लागली. सरकारचा नियम झाला आहे, अमुक तारखेनंतर सेटटॉप बॉक्स नसेल तर केबल दिसणार नाही. गावातला भगवान केबलचं काम बघायचा. तो घरोघर सांगत फिरला. पण लोकांचा विश्वास बसेना. एका संध्याकाळी गल्लीतली मंडळी पुतळाबाईंच्या पडवीत जमली. दार उघडंच होतं, त्यामुळं मला सगळं दिसत होतं.

"काकी, चित्र एकदम क्लिअर येईल," भगवान म्हणाला. "चॅनल पन आपल्या पसंतीचे."

वरच्या मजल्यावरचे भाडेकरू नंदकुमार साताऱ्याकडचे. ते रोज पेपर वाचत, त्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "मुंबईची तारीख पुढं गेलीच होती की. हीपण जाईल. घाई करायची नाही."

पुतळाबाई आता पुढं सरकल्या. "जमीन घेतली तवा पन सायेब लोक असाच बोलत व्हते," त्या म्हणाल्या. "'तुमचा फायदाच हाय.' आमच्या सासऱ्याला कोनी इचारला व्हता का, तुला फायदा पायजे का म्हनून? नाय. आता माझ्या घरात काय चालंल, ता पन तेच सांगनार. मना नको बॉक्स."

तिथं ठरून गेलं. गल्लीत कोणीही बॉक्स घ्यायचा नाही. अरुणा भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. माणसं भराभर बोलत होती आणि तोंडं फिरवत होती. तिच्या हाती काही लागलं नसावं. सगळे गेल्यावर तिनं आईला हातानं विचारलं, काय झालं? पुतळाबाईंनी हात झटकून सांगितलं, काही नाही.

तारीख आली आणि गेली. मी आपला चालूच होतो. गल्लीनं भगवानची थट्टा केली. नंदकुमार तर दोन-तीनदा मुद्दाम खाली येऊन माझ्याकडे बघून गेले. आणि एका दुपारी, मालिका ऐन रंगात असताना, माझ्या पडद्यावर मुंग्या आल्या.

"ऱ्हाऊ दे," पुतळाबाई म्हणाल्या. "टीव्हीबिगर कोनी मेला नाय."

गल्लीचा एका दमात केलेला निश्चय मात्र हळूहळू सुटत गेला. आधी समोरच्या घरातून मालिकेचं गाणं ऐकू आलं, मग बाजूच्या. शेवटी ते वरूनही आलं. नंदकुमार जिन्यात भेटले तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "मिसेस ऐकत नाहीत हो." पुतळाबाई मात्र हट्टाला पेटल्या होत्या. दिलेला शब्द एकट्यानं पाळण्यातही एक ताठा असतो, तो त्यांच्यात आला होता.

अरुणा बातम्यांच्या वेळी माझ्यापुढं येऊन बसे. मला चालू करी, मुंग्या बघे, बंद करी. असं बरेच आठवडे झालं. आई बघे आणि स्वयंपाकघरात निघून जाई. शेवटी अरुणानं पुन्हा विचारलं तेव्हा तिनं हातानं सांगून टाकलं, बॉक्स घ्यायचा नाही असं त्या संध्याकाळी ठरलं.

मग एका सकाळी अरुणा एकटीच बाहेर पडली. परत आली ती भगवानला घेऊन. त्याच्या हातात बॉक्स होता. पुतळाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"कोनी बोलावला तुला?"

"हिनंच," भगवान म्हणाला. "दुकानात येऊन बॉक्सवर हात ठेवून उभी ऱ्हायली. मी काय करू?"

"घेऊन जा परत."

तेव्हा अरुणा पुढं झाली आणि तिचे हात बोलू लागले. असे जोरानं चाललेले तिचे हात मी कधी पाहिले नव्हते. भगवानला काही कळेना. "काय बोलते ती, काकी?"

पुतळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "ती बोलते, जमिनीच्या वक्ताला घरच्यांना कोनी इचारला नाय, म्हनून आये अजून रागावते. आनि बॉक्स नको ठरवला, तवा मना कोनी इचारला?"

मग पुतळाबाई उंबऱ्यातून बाजूला झाल्या. "जोड," त्या भगवानला म्हणाल्या.

पुतळाबाईंचा संशय अगदीच खोटा होता असं नाही. पाऊस लागला की चित्राचे चौकोन होत आणि बातमी सांगणाऱ्या बाईंचे हात मध्येच गोठत. हवे ते चॅनल नसत, नको ते येत. अशा वेळी पुतळाबाई भगवानला फोन लावून चांगलं सुनावत. आताशा अरुणा बाजूला उभी राहून काय काय सुनावायचं ते हातानं सांगे.

पुढं घरात चपटा टीव्ही आला आणि मी जिन्याखाली, पाण्याच्या मोटरशेजारी आलो. त्याचं मला फार वाटत नाही. इथूनही पडवी दिसते. परवा घर पाडून नवी इमारत बांधण्याविषयी एक बिल्डर आला होता. तो पुतळाबाईंशी घाईघाईनं बोलू लागला. त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला अरुणाकडे वळवलं.

"हिच्याकडं बघून बोला," त्या म्हणाल्या. "आनि सावकाश. घर हिचा पन हाय."

मित्रांनो, जुनी वस्तू म्हणून मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला भंगारात दिलंत तरी चालेल. पण घरात काही नवं आणायचं असो की नाकारायचं, सगळ्यांच्या आधी त्या माणसाकडे वळा, ज्याचं त्यावाचून अडणार आहे.