गाडी नेवेंकाची

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावात, पेट्रोल पंपावर नेवेंकानं गाडी उभी केली, तेव्हा पंपवाला ट्रेव्हर नळी हातात घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून आला. गाडी नवीकोरी, गडद निळी. दारं चार, पण ठेवण बसकी आणि ताणलेली. झेप घेण्याआधी मांजर जमिनीला चिकटतं तशी. ॲडलेडपासूनच्या रस्त्याची लाल धूळ अंगावर चढली होती, तरी खालचा रंग लपत नव्हता.

"म्हणजे तुझ्या नवऱ्याला, स्टिपेला, शेवटी सापडलं तर," ट्रेव्हर म्हणाला.

"काय सापडलं?"

"बरं बाई, नाही सापडलं." त्यानं डोळा मिचकावला. "या गावात ओपल कुणालाच सापडत नाही. नुसत्या गाड्या येतात."

"गाडी माझी आहे, ट्रेव्हर. मी घेतली."

"हो, हो. काच पुसू का?"

नेवेंकाला राग आला, पण तो टिकला नाही. त्या दिवशी तिच्या मनात रागाला जागाच नव्हती. पोर्ट ऑगस्टा मागं पडल्यावर रस्ता सरळ झाला होता आणि पुढं एक लांबलचक मालट्रक लागला होता, मागं तीन डबे ओढणारा. घरच्या जुन्या ट्रकातून जाताना असल्या धुडाच्या मागं तासन्‌तास धूळ खात जायचं, हे ठरलेलंच. या खेपेला तिनं समोरचा रस्ता मोकळा आहे हे पाहिलं, स्पोर्टचं बटण दाबलं आणि पाय टेकवला. गाडी आधी घशातल्या घशात गुरगुरली. मग आसनानं तिला पाठीमागून असं काही कवेत घेतलं, की मालट्रक कधी मागं गेला हे तिला कळलंच नाही. वेगाचा आकडा समोरच्या काचेवर उजेडानं लिहिलेला दिसत होता. ती एकटीच मोठ्यानं हसली आणि मग आरशात बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

आसन आतून गार वारा सोडत होतं. उन्हाळ्यात स्टिअरिंगला फडकं गुंडाळून गाडी चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट सांगूनही खरी वाटली नसती. दार लावलं की धाडकन आवाज नाही. मळलेल्या कणकेचा गोळा ओट्यावर टाकावा तसा भरीव, मऊ आवाज. दुकानात तिनं ते दार पुन्हापुन्हा उघडून लावलं होतं. विकणाऱ्या तरुणाला वाटलं, बाईंना बिजागरीची शंका आहे.

ती क्रोएशियातल्या इमोत्स्कीकडची. तिच्या लहानपणी तिथल्या डोंगराळ गावांतले पुरुष जर्मनीत मजुरीला जात आणि उन्हाळ्यात मोठाल्या गाड्या घेऊन परत येत. सगळा गाव बघायला लोटायचा. बायका शेजारच्या आसनावर मांडीवर पिशवी धरून बसलेल्या. चाकामागं बसलेली बाई तिनं तिथं कधी पाहिली नाही. एकदा तिनं काकाच्या गाडीच्या बॉनेटला बोट लावलं होतं. काका म्हणाला, "हात काढ, बोटं उठतात."

घरासमोर उतरल्यावर तिनं आपल्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर अख्खा तळवा ठेवला. भाजला. तरी ठेवला.

घर म्हणजे टेकडीत कोरलेल्या खोल्या, आणि दारालगत एक खिडकी. गेली कित्येक वर्षं त्या खिडकीतून नेवेंका बुरेक विकत होती. पातळ लाटलेल्या पाऱ्यांत मटण किंवा चीज भरायचं, वेटोळं करायचं, भट्टीत लालसर होऊ द्यायचं. खाणीवर जाणारा माणूस कुठल्याही देशाचा असो, सकाळी आधी या खिडकीशी येणार. त्याच पैशांतून बाजूला टाकत टाकत गाडी झाली. नवरा स्टिपे आणि त्याचा भागीदार ल्यूबो चाळीस वर्षं जमीन पोखरत होते, पण रंग नसलेल्या पांढऱ्या दगडाखेरीज त्यांच्या हाती फारसं काही लागलं नव्हतं.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण गाडी आली आणि गाव ते विसरला.

दोन दिवसांत स्टिपेच्या जागेभोवतीची मोकळी जमीन लोकांनी खुंट्या ठोकून आपापल्या नावावर करून घेतली. ग्रीक आले, सर्ब आले, वर्षानुवर्षं खाण सोडून बसलेला एक म्हातारा जर्मनसुद्धा आला. गावच्या क्लबात स्टिपेला कुणी बिअरचे पैसे देऊ देईना. विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही रे, काही नाही," आणि हसायचा. सापडलेला माणूस अगदी तसंच म्हणतो आणि अगदी तसंच हसतो.

"तू नीट सांगत का नाहीस?" नेवेंकानं त्याला जेवताना विचारलं.

"मी कुठं खोटं बोललो? काही नाही म्हणूनच तर सांगतो."

"कसल्या तोंडानं सांगतोस ते बघितलंय मी."

स्टिपेनं पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि तिथंच धरून ठेवला. "नेवेंका, आज तो ग्रीक मायकेलिस रस्त्याच्या पलीकडून ओरडला, काय स्टिपे, कसा आहेस. चाळीस वर्षांत तो माझ्याशी आपणहून कधी बोलला नाही. राहू दे ना चार दिवस. तुझं काय जातं?"

"माझी गाडी जाते."

"ती तर दारात उभी आहे."

"दारात तुझी उभी आहे," ती म्हणाली. "माझी कुठं दिसत नाही."

त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे. तो जेवून झोपला.

पुढच्या दिवशी ल्यूबो बसनं परतला. गुडघा बदलून घ्यायला तो ॲडलेडला जाऊन राहिला होता. तेवढे दिवस स्टिपे एकटाच खाली खणत होता. ल्यूबो नुसता भागीदार नव्हता. तो त्यांचा कूम होता. त्यांची लेक आन्का हिच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन तोच उभा राहिला होता, आणि त्यांच्याकडं हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं धरतात. भागीदार नसताना मिळालेलं ओपल लपवणं हे या गावातलं सगळ्यांत घाणेरडं काम. ते कूमाशी करणं, याला तर नावच नाही.

तो काठी टेकत आला. गाडीभोवती फिरला. पॉलिश केलेल्या दारात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, तेही त्यानं थोडा वेळ बघितलं.

"कूमा," तो नेवेंकाला नात्यानं हाक मारत म्हणाला, "गाडी झकास आहे. फक्त एवढंच सांग, माझा अर्धा भाग कुठला? पुढचा की मागचा?"

"ल्यूबो, बुरेकच्या पैशांतून घेतली. देवाशपथ."

"तू इतकी वर्षं इथं राहतेस. सापडलेला माणूस कधी सापडलं म्हणतो का? कुणी म्हणतो मावशी मेली, कुणी म्हणतो लॉटरी लागली. बुरेक मात्र नवीन आहे, हं. हे मी कधी ऐकलं नव्हतं."

"स्टिपे असं करील असं वाटतं तुला?"

"नव्हतं वाटत," ल्यूबो म्हणाला. "बसमधून उतरेपर्यंत नव्हतं वाटत."

तो मागच्या शेडमध्ये गेला आणि आपला हातोडा, एक दिवा आणि दोराचं वेटोळं घेऊन बाहेर आला. त्यात हातोडा तेवढा एकट्याचा त्याचा होता. बाकीचं दोघांनी मिळून घेतलेलं. जड झालं, तरी त्यानं तिची मदत घेतली नाही.

स्टिपे आला तेव्हा शेडचं दार उघडंच होतं. आत बघून तो दारातच बसला.

"त्याच्या घरी जाऊन सांगतो," तो म्हणाला.

"मी सांगितलं. बंद दाराआड सांगितलेलं या गावात कुणी खरं मानत नाही." नेवेंका त्याच्यासमोर उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत पिठानं भरले होते. "क्लबात सांग. शनिवारी, सगळे जेवायला असतात तेव्हा. मोठ्यानं. नाही तर कूम गेला, आणि ती निळी गाडी मी परत नेऊन देते. दुसऱ्याच्या गाडीत बसायला मी इतकी वर्षं पीठ मळलं नाही."

शनिवारी दुपारी क्लबात कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण होतं आणि टेबलं गच्च होती. ल्यूबो भिंतीकडं तोंड करून एकटाच बसला होता. स्टिपे मध्ये जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात कुणीतरी लगेच बिअर दिली. ती त्यानं खाली ठेवली.

"मला काही सापडलेलं नाही," तो म्हणाला.

सगळे हसले. "शाबास!" मायकेलिस ओरडला. "अजून जोरात, स्टिपे!"

"ऐका. गाडी माझ्या बायकोची आहे. बुरेक विकून तिनं घेतली. घरातली वीज तिची, पाणी तिचं. हा शर्टही तिनंच घेतलाय." मग मान खाली घालून पुढचं म्हणाला, "आणि ल्यूबो, आपल्या यंत्राचं डिझेल. मी तुला म्हणायचो ना, बारीक खडे विकून भागवलं. कसले खडे! ती तीन वर्षं डिझेल भरतेय. बुरेकमधून."

हसणं एकेका टेबलावर विझत गेलं. कुणी बिअरकडं बघत होतं, कुणी कोबीकडं. दारात नेवेंका उभी होती. नवऱ्याचे कान लाल झालेले तिला इतक्या लांबून दिसले. त्याला हाक मारून थांबवावं असं क्षणभर वाटलं. तिनं थांबवलं नाही.

ल्यूबोनं खुर्ची वळवली. "म्हणजे तीन वर्षं मीसुद्धा बुरेकवर खणतोय?"

"तूसुद्धा."

ल्यूबो काठी टेकून उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मूर्खांनो, खुंट्या काढा. हा खरं बोलतोय. सापडलेला माणूस मावशीला मारील, लॉटरी लावील. पण भर क्लबात उभं राहून, मी बायकोच्या पैशांवर जगतो, असं आपल्या इमोत्स्कीचा माणूस म्हणेल? मान कापली तरी नाही म्हणणार." त्यानं स्टिपेच्या खांद्यावर हात ठेवला. "गाढवा, डिझेलचं मला आधी सांगायचंस. निदान मी बुरेकचे पैसे तरी दिले असते. पोरीचा कूम म्हणून फुकट खात होतो मी."

"ते मी लिहून ठेवलेलं नाही," नेवेंका दारातून म्हणाली. लोक हसले, आणि या खेपेला ते हसू तिला आवडलं.

खुंट्या कुणी काढल्या नाहीत. माणसाला अर्धवट तरी आशा लागते. ते सगळे स्टिपेच्या जागेभोवती खणत राहिले आणि सकाळी भूक लागली की खिडकीशी येत राहिले. नेवेंकाला मटणाच्या बुरेकची एक भट्टी वाढवावी लागली. पण खिडकीशी उभे राहिले की ते आधी निळ्या गाडीकडं बघत, आणि विचारत, "नेवेंका, कशी पळते गं तुझी गाडी?" हा 'तुझी' शब्द ती दर वेळी नीट ऐकून घ्यायची. मग गिऱ्हाईक थांबलं असलं तरी हात पुसत सांगायची, दार कसं लागतं, गारवा कुठून येतो, वळणावर ती कशी जमीन धरून बसते.

क्लबातून निघाल्यावर त्याच शनिवारी दुपारी ती दोघांना घेऊन बाहेर पडली होती. गुडघ्यामुळं ल्यूबो पुढं बसला, स्टिपे मागं. पंपावर ट्रेव्हर वाकून आत बघू लागला. "काय रे स्टिपे, स्वतःच्या गाडीत मागं?"

स्टिपेनं काच खाली केली. "गाडी नेवेंकाची आहे. मला नुसतं बसायला मिळालंय," तो म्हणाला. मागच्या आसनावर हात फिरवून त्यानं वर जोडलं, "आणि मागंसुद्धा गार वारा येतो, बरं का."

गावाबाहेर ढिगारे संपले आणि रस्ता मोकळा झाला. पुढं एक लांब मालट्रक चालला होता. नेवेंकानं बटणाकडं बोट नेलं.

ल्यूबोनं दाराची कड घट्ट पकडली. "कूमा, जरा जपून. गुडघा नवा आहे."

"गाडीही नवीच आहे," नेवेंका म्हणाली, आणि तिनं पाय टेकवला.