नेवेनाच्या छातीवर टेकलेली नळी

मी एक लाकडी नळी. माझं एक टोक रोग्याच्या छातीवर असतं, दुसरं डॉक्टरांच्या कानाला. काळजाचे ठोके माझ्यातूनच पलीकडे जातात.

व्हिएन्नात शिकत असताना डॉक्टर स्रेतेन यांनी मला घेतलं आणि सर्बियात, आपल्या चाचाक गावी आणलं. ते रोगी बघत आणि उरल्या वेळात गोष्टी लिहीत. त्यांच्या गोष्टीतलं आजारी पोर शेवटी हमखास उठून बसे. बाजारात बायका त्यांना अडवून म्हणत, "डॉक्टर, रडवता खरं, पण मारत नाही कुणाला, हे बरं करता!"

मी खिशातून डॉक्टरांचं हसणं ऐके.

त्या हिवाळ्यात घटसर्प आला. पोरांचे गळे आतून बंद होऊ लागले. डॉक्टरांच्या घराण्याच्या रक्षक संताचा सण होता, पाहुणे जेवायला बसले होते, तेवढ्यात खालच्या गावचा रादोसाव दारात गाडी घेऊन आला.

"डॉक्टर, चला हो! माझा मिलून गुदमरतोय."

कोसाराबाईंनी नवऱ्याची बाही धरली. "अहो, आज नको. आजार घरी आणाल. आपली लेक नेवेना आहे घरात."

"मी नाही गेलो तर तो पोरगा जाईल, कोसारा."

ते गेले. मिलूनचा गळा चिरून त्यांनी श्वासाला वाट करून दिली. घरी परतले, तर हात धुण्याआधीच नेवेना धावत येऊन बिलगली. दमलेल्या बापाने तिला दूर केलं नाही. आजार तिला त्यातूनच लागला की आधीच लागला होता, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

तिचाही गळा त्यांनीच चिरला. श्वास मोकळा झाला, पण काळीज थकलं होतं. त्यांनी मला तिच्या छातीवर टेकवलं.

"काय ऐकू येतंय?" कोसाराबाईंनी विचारलं.

"बरं आहे."

"मला ऐकू द्या."

ठोके अडखळत होते. कोसाराबाईंना त्यातलं काय कळणार? "चालतंय की हो!" म्हणून त्या हसल्या. डॉक्टर खिडकीकडे वळले. ठोके थांबले तेव्हाही बाईंचा कान माझ्यावरच होता.

"तू मारलंस तिला," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं.

काही दिवसांनी रादोसाव खारवलेल्या सायीचं भांडं घेऊन आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "बाईसाहेब, पोरगा वाचला! डॉक्टरांच्या पाया पडायला आणलाय."

कोसाराबाईंनी मला उचललं, मिलूनचा सदरा वर केला आणि कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. "छान चाललंय," एवढंच म्हणाल्या आणि भांडं घेऊन आत गेल्या.

डॉक्टरांनी नेवेनाची गोष्ट लिहायला घेतली. कागदावर तरी ती उठून बसावी म्हणून झटले. ती उठेना. त्यांनी लेखणी टाकली, मग रोगी बघणं, मग जेवण. प्लमची झाडं फुलली तेव्हा तेही गेले.

आता बाई रोज माझं एक टोक नेवेनाच्या उशीवर टेकवतात आणि दुसऱ्याला कान लावतात. शेजारीण हात धरून उठवू लागली, की म्हणतात, "हळू गं! ऐकू दे."

बाई, मला चुलीत घाला. थांबणारे ठोके मी पुष्कळ ऐकले. पण त्या उशीतली शांतता मला ऐकवत नाही.