छातीवरची इस्त्री

धुलाई कारखान्याच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या चादरी टोपल्यांत तशाच टाकून बायका उजेडबाबाभोवती दाटल्या होत्या. जिला तिला रात्री आपल्याला दिसलेली सावली दुसरीच्या सावलीपेक्षा भयंकर होती हे सांगायची घाई.

"खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तोंड नाही, नुसती काळी. ओरडायला गेले तर जीभ हलेना."

"तुझी उभीच होती ना? माझी छातीवर येऊन बसली."

बाबाने डोळे मिटले. "बसणारच. अंधाराला लोखंड झोंबतं, म्हणून चवताळलाय. औषध लागू पडतंय."

आजार वाढला तरी औषध लागू पडतंय म्हणायची सोय फक्त बाबा लोकांनाच असते. सावली आधी एकाच बाईला दिसली होती, तेही रात्रपाळी करून आलेल्या. बाबाने मात्र उपाय कामगारांच्या साऱ्या खोल्यांना दिला: उताणं झोपायचं, छातीवर थंड इस्त्री ठेवायची, मध्यरात्री उठून तिचं टोक फिरवायचं आणि पुन्हा उताणं झोपायचं. कारखान्यातल्या जड इस्त्र्या घरोघर आल्या, आणि पाठोपाठ सावलीही.

सूनबाईलाही ती दिसली. तान्ह्या मुलीच्या पाळण्यावर वाकलेली. तेव्हापासून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आता ती पोरीवर बसेल," बाबा तिला म्हणाला. "इथे सावली कोणाला दिसत नाही? जिला दिसत नाही, तिचीच ती."

सगळ्या माना वळल्या. स्टुलावर सूनबाईच्या सासूबाई शर्टाला बटणं लावत होत्या. दम्यामुळे त्यांना आडवं होता येत नसे. वर्षानुवर्षं त्या खुर्चीतच, टेबलावर डोकं टेकून झोपत.

"मला नाही बाई दिसली. माझ्या खुर्चीत दोघांना जागा कुठली?" त्या म्हणाल्या.

एरवी सगळ्या हसल्या असत्या.

"एक रात्र उताणी निजवा," बाबा म्हणाला. "सावली दिसली तर निर्दोष."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "मला आडवं होता येत नाही. तुला ठाऊक आहे. उशी तूच देतेस ना मला?"

"एकच रात्र, आई. पोरीसाठी."

सूनबाईच्या खांद्यावर मुलगी चुळबुळली. सासूबाईंनी सुई कापडात खोवली. "बरं. पण लवकर उठवायला ये हं."

संध्याकाळी त्यांना निजवलं. त्या दोनदा उठून बसल्या, तेव्हा शेजारणींनी त्यांना चादरीने खाटेला बांधलं. इस्त्री सूनबाईनेच ठेवली. मग दार ओढून घेतलं. सकाळपर्यंत आत जायचं नाही, अशी बाबाची आज्ञा होती.

सकाळी खाटेवर श्वासाचाही आवाज नव्हता. अंगणात मात्र गलका होता.

"काल कोणालाच दिसली नाही," बायका म्हणत होत्या.

"मालकीण गेली, सावली गेली," बाबा म्हणाला.

कारखान्याच्या डॉक्टरबाई खोलीतून बाहेर आल्या. "काल तुमच्यापैकी झोपलं कोण?"

कोणीच नाही. भीतीने सगळ्या जाग्याच होत्या.

"मग दिसणार कशी? स्वप्नात आपण धावू नये म्हणून शरीर हातपाय बांधून ठेवतं. कधी डोळे आधी उघडतात आणि हातपाय मागे राहतात. मग हलता येत नाही आणि उरलेलं स्वप्न खोलीत उभं दिसतं. उताणं झोपलं, झोप मोडली, की हे जास्त होतं. आणि छातीवर लोखंड ठेवून छातीवर कोण बसलंय म्हणून विचारता?" त्या गर्दीत उभ्या असलेल्या बाबाच्या बायकोकडे वळल्या. "हे कसे झोपतात हो?"

"हे? कुशीवर," ती बिचारी भोळेपणाने म्हणाली. "रात्रभर घोरतात. इस्त्री कसली, पांघरूणसुद्धा जड होतं यांना."

बायका बाबाच्या अंगावर धावल्या.

"आता याला बडवून हात धुऊन मोकळ्या होऊ नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "याने तोंड चालवलं. गाठी कोणी मारल्या? पोलीस तेही विचारतील."

हात खाली आले. पुन्हा असं कोणी सांगितलं तर आधी एवढंच विचारावं: बाबा, तुम्ही स्वतः कसे झोपता? आणि सावली दिसलीच तर कूस बदलावी. माणूस बांधू नये.

सूनबाई खोलीत गेली. चादरीची गाठ तिला सुटेना. तिने इस्त्री उचलली. खाली सासूबाईंच्या पोलक्यावर इस्त्रीचा आकार उमटला होता, कडा अगदी नीट, कारखान्यात पसंत पडणाऱ्या घडीसारख्या.