मीठमाशीची दारं

हितेशच्या अहवालाच्या चौदा प्रती मी माझ्या हातानं बांधल्या आणि चौदाही प्रतींत त्याचा फास मीच घालून ठेवला. आधीच सांगून टाकते, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

पनवेलला कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वारसनोंदी, प्रतिज्ञापत्रं, तक्रारअर्ज, सगळ्या तालुक्याची भांडणं माझ्या मशीनमधून बाहेर पडतात. हितेश माझं जुनं गिऱ्हाईक. कुणाला पूल बांधायचा असो की गोदाम, कंपनी याला पाठवते. हा तिथली झाडं, पक्षी, किडे मोजतो आणि शेवटच्या पानावर 'प्रकल्पास हरकत नसावी' असं लिहून मोकळा होतो. बोलायला इतका गोड की समोरच्याला मधुमेह व्हावा.

त्या दिवशी त्याचा अहवाल छापता छापता पानावर 'काळबांध' हे नाव दिसलं आणि माझा हात थांबला.

काळबांध हे आमचं बेट. उलव्याच्या पलीकडं खाडीत आहे, आणि होडीनं अर्ध्या तासात पोचता येतं. बेटाभोवती आमच्या कोळ्यांच्या पूर्वजांनी घातलेला चिखलाचा बांध आहे आणि त्या बांधात मीठमाशी राहते. तांदळाच्या दाण्याएवढी, राखाडी, पोटावर निळी रेघ. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, सोडलेल्या बिळांत ती पोळं करते. खारफुटीतल्या तिवराच्या फुलांवर दुसरी कुठली माशी फारशी फिरकत नाही, हीच बसते. ती बसली तर तिवराला बी धरतं, बी धरलं तर चिखलात नवी रोपं उठतात, त्यांच्या मुळांत कोलंबीची आणि जिताड्याची पिल्लं वाढतात आणि मग आमच्या जाळ्यात काहीतरी येतं. माझे बाबा, काशिराम, त्या बांधाचे राखणदार. सव्वीस वर्षं राखण केली त्यांनी.

तीन वर्षांपूर्वी हा हितेश आमच्या घरी आला होता, तेव्हा त्याला या माशीबद्दल काडीची माहिती नव्हती. बाबांनी त्याला होडीतून नेलं, बिळं दाखवली, चार माश्या धरून दिल्या. नंतर त्यानं नवी जात सापडल्याचा लेख लिहिला आणि माशीला चक्क स्वतःचं आडनाव चिकटवलं. तो लेख मराठीत मीच टाइप केला होता. शेवटी आभारात 'एक स्थानिक नावाडी' एवढंच होतं. बाबांचं नाव घाला म्हटलं तर म्हणाला, "विनिताताई, जागा कमी आहे हो." मी तेव्हा गप्प बसले. आणि आता त्याच माणसाच्या अहवालात लिहिलं होतं, 'तीन वेळा पाहणी केली. बेटावर एकही मीठमाशी आढळली नाही. जेट्टी व गोदामास हरकत नसावी.'

पाहणीच्या तारखा वाचल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिली तारीख महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे अमावास्या. दुसरी होळीची, म्हणजे पौर्णिमा. तिसरी पाडव्याच्या आदल्या दिवसाची, परत अमावास्या. तिन्ही दिवस उधाणाचे. उधाणाचं पाणी बांधावर चढायच्या आधी मीठमाशी मेण आणि चिखल कालवून बिळाचं तोंड बंद करते आणि तीन दिवस आत बसते. आमच्याकडं म्हणतात, 'माशीनं दार लावलं.' दारं लागली की बेटावर हिंडून हिंडून पाय झिजले तरी एक माशी दिसायची नाही. हितेशनं नेमके तेच दिवस निवडले होते. कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं आणि सगळा अहवाल खोटा होता.

हे त्याला कुणी सांगितलं तेही मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या भेटीत मीच जेवायला वाढत होते. जिताड्याचं कालवण ओरपत ओरपत त्यानं बाबांकडून दारांची गोष्ट काढून घेतली. बाबा भोळे. आपल्या माशीचं कुणी कौतुक करतंय म्हटल्यावर त्यांना काय सांगू आणि काय नको असं झालं. ती गोष्ट बाहेरच्याला सांगायची नाही, हा गावाचा नेम आहे. आजोबांच्या काळी ती फुटली होती. एका अमावास्येला बाहेरच्या लोकांनी येऊन बंद दारांची अख्खी एक बाजू मधासाठी खणून नेली. पुढं दोन वर्षं तिवराला बी धरलं नाही, बांध खचला, जाळी रिकामी यायला लागली. तेव्हापासून जो ही गोष्ट बाहेर बोलेल त्यानं पुन्हा बेटावर पाय ठेवायचा नाही. बाबांनी हा नेमसुद्धा हितेशला सांगून टाकला आणि वर म्हणाले, "तुमी आपलीच मानसं, म्हनून बोललो."

ज्या ताटात जेवला त्याच ताटाला भोक पाडणारा माणूस! मला त्याला नुसतं हरवायचं नव्हतं. भर सभेत, सगळ्यांसमोर, त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली बघायची होती. म्हणून मी बाबांना काही बोलले नाही, गावातही नाही. त्याचा जुना लेख कॉम्प्युटरमध्ये होताच. मी तो छापला आणि चौदाही प्रतींच्या शेवटी परिशिष्ट म्हणून बांधून टाकला, त्याच्या फोटोसकट. हातात बेटावरची मीठमाशी धरून हसतोय असा फोटो. हितेशनं वरची दोन पानं उलटली आणि "ताई, तुमच्या कामात बघायला लागत नाही," म्हणत गठ्ठा उचलला. पुढं गावकीचा कारभार बघणाऱ्या एकट्या भगवानकाकांना मी तारखांखाली रेघा मारलेला कागद दिला. म्हटलं, जनसुनावणीत या वाचायला लावा, बाकी काही नको.

जनसुनावणी पनवेलच्या सभागृहात होती. आमचं गाव टेम्पो भरून आलं होतं. मी बाबांच्या शेजारी बसले. समोर अधिकारी बाई, बाजूला हितेश, इस्त्रीचा शर्ट, ओठांवर साखर. बाईंनी अहवाल चाळत चाळत शेवटचं पान उघडलं.

"हा लेख तुमचाच ना?"

त्यानं पान पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याची नजर सभागृहात मला शोधत आली. मी हसले. खरं सांगते, त्या क्षणी मला जेवढं बरं वाटलं तेवढं माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

पण माणूस पोचलेला. दोन घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझाच आहे, मॅडम. तेव्हा ही माशी होती. दुर्दैवानं आता नामशेष झालीय. म्हणून तर मी एकदा नाही, तीनदा सर्व्हे केला."

भगवानकाका उठले. "मॅडम, ते कंच्या कंच्या दिवशी गेले व्हते ते जरा मोठ्यानं वाचा."

बाईंनी तारखा वाचल्या. पहिल्या तारखेला कुजबुज झाली, होळीच्या तारखेला अख्खं गाव खो खो हसलं आणि तिसरीला कुणीतरी शिट्टी मारली. बाई गोंधळल्या.

"यात हसण्यासारखं काय आहे? कुणी सांगेल का मला?"

आणि सगळं सभागृह गप्प झालं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सांगणार कोण? सांगायचं म्हणजे दारांची गोष्ट बाहेर फोडायची. माझा एवढा पुरावा, मी इतक्या हौसेनं बांधलेला, पण तो तोंडातून काढायला आमच्यातल्या एकालाही परवानगी नव्हती. सुडाच्या नादात मला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. भगवानकाका उभे होते ते हळूच खाली बसले.

हितेशला हे बरोबर कळलं. नेम त्यालाही माहीत होता. तो थेट बाबांकडं बघत, हात जोडून म्हणाला, "मला तरी काही समजलं नाही, मॅडम. यांना माहिती असेल तर यांनी बोलावं. मला कधी कुणी काही सांगितलं नाही."

मी उठणार होते. देवाशपथ उठणार होते. बाबांनी माझा खांदा दाबला आणि ते स्वतः उभे राहिले.

"मी सांगतो," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण मागच्या रांगेपर्यंत जात होता. "उधानाला माशी दार लावते. तीन दीस बाहेर येत नाय. हे तिन्ही दीस उधानाचे हायत. आनि या साहेबाला ते ठावं हाय. मीच सांगितलंय. माज्या घरात, जेवताना. मी काशिराम, बांधाचा राखनदार."

मागं कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बाईंनी हितेशला विचारलं, "हे खरं आहे?" त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मला हवी होती ती त्याची जीभ टाळ्याला चिकटली, पण माझं तिकडं लक्षच नव्हतं. मी बाबांकडं बघत होते.

बाईंनी अहवाल तिथंच बाजूला ठेवला. भांगाच्या दिवशी, म्हणजे उधाण नसताना, अष्टमीला, त्या स्वतः पाहणी करणार, हितेशनं सोबत यायचं आणि माश्या स्वतःच्या हातानं मोजून सही करायची, असं ठरलं. लोक टाळ्या वाजवत बाहेर पडले. टेम्पोत मात्र बाबांच्या बाजूला कुणी बसलं नाही.

संध्याकाळी भगवानकाका घरी आले. चहा घेतला, कप खाली ठेवला.

"काशिराम, तुज्यामुलं बेट वाचंल. पन नेम तो नेम."

"मी कुटं नाय म्हनतोय?" बाबा म्हणाले.

मी भांडले. सगळं माझं कारस्थान आहे, मला शिक्षा द्या, म्हणून ओरडले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, तू कागद बांधलास. दाराचं तोंड यानं उगडलं, एकदा घरात नि एकदा सभेत."

अष्टमीला सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. होडी परेश नेणार होता, गावानं नेमलेला नवा राखणदार. अधिकारी बाई बसल्या. मग हितेश आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, माझी नजर चुकवत, आणि चढला. परेशनं त्याला हात दिला, कारण बाईंचा हुकूम होता. बाबा धक्क्यावरच राहिले. ज्यानं बेट विकायला काढलं तो होडीत, आणि ज्यानं ते राखलं तो काठावर. मी दात खाऊन उभी होते. ही सगळी मांडणी माझ्याच हातची होती.

होडी परत यायला दुपार झाली. बाबा तोवर उन्हातच उभे होते. हितेश उतरला, चिखलानं माखलेला, हातात सही केलेला कागद. तो खाली मान घालून निघाला होता. बाबा दोन पावलं पुढं झाले आणि त्याला, त्यालाच, विचारलं,

"साहेब, माशी हाय ना? तिवराला बसलीय का?"

हितेश थांबला. "आहे, काका," तो म्हणाला. "खूप आहे. मोजून होत नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि घराकडं चालायला लागले.