तीन बोटांची मूठ

मी चाकू बोलतोय. भाजीचा नव्हे, घडीचाही नव्हे. माझं पातं मिटत नाही. टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत मी पोलादाचा एकच सलग तुकडा आहे. मला ना सांधा, ना खटका. आणि स्वस्थ बसणंही माझ्या नशिबी नाही.

आधी मी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा होतो. सोलापूरच्या रस्त्यानं विटा, ऊस, सिमेंट, काय म्हणाल ते अंगावर घेऊन धावलो. ट्रक भंगारात निघाला आणि मी येरमाळ्याला बालाजीच्या टायरच्या दुकानामागं येऊन पडलो. दुकानाला लागून पत्र्याची शेड आहे. तिथं त्याची धाकटी बहीण शिवकन्या लोखंडाची कामं करते. पुण्यात साच्यांच्या कारखान्यात नोकरी करून ती गावी परतली होती.

चाकूचं वेड तिला बालाजीच्या एका बोलण्यानं लागलं. तो फौजेतून घरी आला तेव्हा उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बर्फानं नेली होती. त्याविषयी तो कधी बोलत नसे. एकदाच, जेवता जेवता म्हणाला, "तिकडं चाकू हातातनं निसटायचा. मोजा घातला की मूठ कळायचीच न्हाय."

शिवकन्याचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं मला कापायला घेतलं.

तापवलं, ठोकलं, घासलं. पुन्हा लाल करून तेलात बुडवलं. बुडवतात तेलात, तरी त्याला पाणी देणंच म्हणतात. ते चुकलं तर आम्ही काचेसारखे तडकतो, नाहीतर पत्र्यासारखे वाकतो. माझं पाणी चुकलं नाही.

मग बालाजीनं मला ताब्यात घेतलं. चाकू जमला तर त्याचा फौजेतला दोस्त श्रीशैल तो तिकडं घेऊन जाणार होता. बाभळीच्या ओंडक्यात माझं पातं ठेवून पाठीवर हातोडा मारायचा. ओला दोर कापायला लावायचा. एकदा त्यानं लोखंडी पिंपाच्या झाकणात माझं टोक घालून पिळलं आणि टोक तुटलं. शिवकन्यानं ते निमुळतं टोक फार जिवापाड घासलं होतं.

"किती सुरेख होतं," ती म्हणाली.

"सुरेख होतं म्हणूनच गेलं," तो म्हणाला.

तिनं मला आखूड केलं, नाक जाड ठेवलं. ते टोक पुन्हा तुटलं नाही. पण मुठीचं काही केल्या जमेना. सागवानी झाली, सुतळी गुंडाळून झाली, जाड झाली, बारीक झाली. आज अंगावर चढलेली मूठ उद्या उतरायची. बालाजी मला धरायचा, चार घाव घालायचा आणि खाली ठेवायचा.

"न्हाय जमलं."

"काय न्हाय जमलं, ते तर सांग दादा."

"तूच बघ की."

मला कळलं होतं. त्यानं मला उचललं की पुढून पकड घट्ट असायची आणि मागं मूठ मोकळीच हलायची. पण मला त्या वेळी कोण विचारतंय?

एका दुपारी शिवकन्या त्याच्या दुकानातला पाना मागून आणायला गेली आणि पाना हातात घेऊन उभीच राहिली. पान्याच्या दांड्याला मागच्या बाजूला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळलेली होती. हातोडीलाही तशीच, टायर उचकटायच्या पहारीलाही तशीच. जिथं दोन बोटं नव्हती तिथं त्यानं रबर भरून घेतलं होतं. रोज डोळ्यांसमोर असून तिनं ते पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा देऊन म्हणाली, "एवढं जरा दाबून धर." त्यानं धरला. तो ठसा बघून तिनं काळ्या फायबरची मूठ कोरली. पुढं तर्जनीला खोल खाच, मागं तळव्याला अडकेल असा फुगवटा. जोर बोटांवर नाही, आकारावर.

बालाजीनं मला धरलं. पहिल्यांदाच माझी मूठ हलली नाही. त्यानं एक घाव घातला, दुसरा घातला, आणि थांबला. फुगवट्यावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवला.

"माझ्या थोट्या हाताचं माप घेतलंस तू."

"दादा, तसं न्हाय..."

"श्रीशैल हा चाकू फौजेतल्या पोरांना दाखवणार. आन् त्यांनी काय म्हणावं? बालाजीचा हात बिघडला म्हणून चाकूबी वाकडा केला?"

मला टेबलावर टाकून तो निघून गेला. त्यानंतर शेडकडं फिरकला नाही. त्यांची आई सखूबाई जेवण वाढताना म्हणायची, "एका ताटाशी बसता आन् एकमेकाकडं बघत न्हाय." दोघंही खाली मान घालून जेवायची.

शिवकन्यानं दुसऱ्या पात्याला नेहमीसारखी सरळ मूठ बसवली. श्रीशैलला तोच द्यायचा ठरला. मी छिन्न्या-कानशींच्या डब्यात पडलो. धार होती, मूठ होती, आणि डब्याच्या पत्र्याखेरीज टेकायला काही नव्हतं. कुणी डबा हलवला की वाटायचं, आता मला काढतील. काढायचे कानस.

हवालदार श्रीशैल उमरग्याकडचा. बालाजी आणि तो एकत्र भरती झालेले. सुट्टी संपवून परत जाताना तो येरमाळ्याला उतरला. ऐन चैत्राचं ऊन होतं. शिवकन्यानं सरळ मुठीचा चाकू त्याच्यापुढं ठेवला, तेवढ्यात बालाजी शेडमध्ये आला. हातात बादली, बादलीत बर्फाचं पाणी. मागोमाग रसवंतीवाली हरणाबाई.

"सगळी लादी उचलून आणली. गिऱ्हाइकांना काय पाजू आता?"

"देतो काकू, भरून देतो." मग तो श्रीशैलकडं वळला. "हात घाल."

श्रीशैलनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि मनगटापर्यंत हात बुडवला. थोड्या वेळानं तो तोंड वाकडं करायला लागला. "बास की रे."

"तिकडं बास म्हणता येत न्हाय. ऱ्हाऊ दे."

बोटं पांढरी पडून ताठरल्यावर बालाजीनं त्याच्या हातावर जाड मोजा चढवला आणि सरळ मुठीचा चाकू दिला. "दोर काप." श्रीशैलनं जोर लावला. चाकू फिरला, मोज्यातून घसरला आणि फरशीवर पडला.

मग बालाजीनं डब्यातून मला काढलं. श्रीशैलच्या हाताची बोटं धडधाकट होती, पण शेवटच्या दोन बोटांत जीव नव्हता. माझा फुगवटा त्याच्या तळव्याला भिडला. ओला दोर एका ओढीत तुटला.

श्रीशैल माझ्याकडं बघत राहिला. "ही मूठ कुणाच्या हातावरनं केली?"

"माझ्या," बालाजी म्हणाला. "तिकडं सगळ्यांचाच हात माझ्यावाणी होतो. मला येवढे दिवस कळलं न्हाय." शेवटचं वाक्य तो श्रीशैलशी बोलत नव्हता. शिवकन्या पदरानं हात पुसत राहिली, पुसून झाले तरी.

निघताना बालाजीनं मला म्यानात घालून श्रीशैलच्या पिशवीत ठेवलं.

"दादा, हा तुझ्या हाताचा हाय," शिवकन्या म्हणाली.

"टायरच्या दुकानात कशाला लागतोय चाकू? जाऊ दे त्याला."

तेव्हापासून मी इथं आहे, श्रीशैलच्या कमरेवर. डबे उघडतो, दोर कापतो, बुटांवरचा बर्फ खरवडतो. काम भरपूर आहे आणि मी अजून कुणाच्या हातून निसटलो नाही. मागच्या महिन्यात शिवकन्यानं पाठवलेले आणखी चाकू आले. साऱ्यांच्या मुठी माझ्यासारख्याच.

परवा घरी फोन लागला तेव्हा बालाजीनं आधी माझी चौकशी केली. श्रीशैल म्हणाला, "चांगलाय. तुला एक ठेवून घेतलास की न्हाय?"

पलीकडून बालाजी म्हणाला, "मला कशाला लागतोय?"

शिवकन्या, माझं तेवढं ऐक. तो तुझ्याकडं मागणार नाही. तूही विचारू नकोस, विचारलंस तर नको म्हणेल. एक चाकू कर आणि सकाळी त्यानं दुकान उघडायच्या आत गल्ल्यापाशी ठेवून दे. वर एक अक्षर बोलू नकोस. मूठ दिसली की त्याचा हात आपोआप पुढं येईल.